ख्रिश्चन लोकांत मेल्यावर नक्की काय होतं? (मिस्सा, शुद्धिस्थान, स्वर्ग-नरक वगैरे)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे, कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाहीये, खरंच कळत नाहीये म्हणून विचारतेय.

माझी शाळेपासूनची मैत्रीण आहे, नाशिकरोडची. तिची आई कॅथलिक आणि वडील प्रोटेस्टंट, म्हणजे लग्नच मुळात दोन चर्चांमधलं. वडील पावसाळ्यात गेले. आता २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक सिमेट्रीत जातात ना, कबरी धुवून-पुसून फुलं मेणबत्त्या लावतात, फादर येऊन पवित्र पाणी शिंपडतात, तर त्या दिवसासाठी आईने वडिलांच्या नावाची मिस्सा (म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) सांगितली आणि घरात जे काही सुरू झालं ते विचारू नका. तिचे काका म्हणाले आमचा भाऊ प्रभूमध्ये झोपी गेलाय, येशूने त्याचं सगळं फेडलंय, आता तुमची शिफारस कशाला? आणि काकू (म्हणजे मैत्रिणीची आई) रडायला लागल्या की मी माझ्या नवऱ्यासाठी देवाकडे मागणं पण मागायचं नाही का. मी तिथे चहाचा कप धरून बसलेले, उठून जाता येईना आणि बसवेना.

मला आतापर्यंत वाटायचं ख्रिश्चन म्हणजे सोपं आहे, चांगला माणूस स्वर्गात, वाईट माणूस नरकात, फेरा नाही, पुनर्जन्म नाही, विषय संपला. मग हे भांडण कशावरून? गेलेल्या माणसाचं काही राहिलेलं असतं का तुमच्याकडे? आणि शेवटच्या दिवशी सगळे उठणार म्हणतात तर मग आत्ता ते आहेत कुठे, स्वर्गात की कबरीत? कुणी नीट सांगेल का, गूगल केलं तर दहा जणांची दहा उत्तरं.

जेलरोडकर

कॅथलिक आहे, नाशिकरोडचाच, प्रयत्न करतो. मी काही धर्मपंडित नाही, सातपूरला कंपनीत क्वालिटीत आहे, पण लहानपणी कॅटेकिझमचे (धर्मशिक्षणाचे) वर्ग झालेत आणि आमच्या आजीने उरलेलं कुटून भरलंय.

आमच्याकडे माणूस मेला की त्याच क्षणी त्याचा एक निवाडा होतो, त्याला खासगी न्याय म्हणा. त्यात तीन गोष्टी होऊ शकतात. पूर्ण शुद्ध असेल तर सरळ देवाजवळ. देवाला शेवटपर्यंत ठाम नकार दिला असेल तर नरक. आणि आपल्यासारखे बहुतेक जे असतात, देवावर प्रेम आहे पण अंगाला बरंच काही चिकटलेलं, त्यांच्यासाठी शुद्धिस्थान. शेतातून आलेला माणूस पाहुण्याच्या घरात शिरण्याआधी पाय धुतो ना, तसं. घरात घेणार हे नक्की झालेलं असतं, हे लक्षात ठेव, कारण लोकांना वाटतं शुद्धिस्थान म्हणजे काठावर पास-नापास. तसं नाही, तिथून नरकात कुणी जात नाही. आणि त्या काळात आपण इथून केलेली प्रार्थना, मिस्सा, दानधर्म त्यांना उपयोगी पडतो असं चर्च मानतं. म्हणून २ नोव्हेंबर. तो दिवस फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांमध्ये सुरू केला आणि तिथून पसरला. १ ते ८ नोव्हेंबर या आठवड्यात सिमेट्रीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करायला विशेष महत्त्व आहे, त्यामुळे तुझ्या काकूंनी जे केलं ते आमच्याकडे अगदी घरोघरी होतं.

खडूस_आजोबा

थोडक्यात भटजीच्या जागी फादर. तिथेही मेलेल्याच्या नावाने पाकीट सरकवायचं. धर्म कुठलाही असो, मेलेला माणूस हे सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक, तक्रार करायला परत येत नाही.

त्र्यंबकचा_भाचा

खडूस आजोबा सकाळी सकाळी सुरू :) आमच्या मामांकडे नारायण नागबळीला लोक देशभरातून येतात, पहिला प्रश्न दराचाच असतो आणि दुसरा प्रश्न जेवणाचा. तेव्हा तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण म्हणून येणाऱ्याचं दुःख खोटं ठरत नाही ना. तरुण मुलगा अपघातात गेलाय, आई बसलीये समोर, तिला काहीतरी करायचं असतं त्याच्यासाठी, हात रिकामे ठेवून बसवत नाही. मला तरी गोदाकाठची यांच्या काकूंचं तेवढंच दिसतं.

जेलरोडकर

@खडूस_आजोबा, मिस्सेसाठी जे देतात ते दान असतं, आणि कॅनन कायद्यातच (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यात) लिहिलंय की गरजूंसाठी काही न घेताही मिस्सा करावी. प्रत्यक्षात कोण कसं वागतं ते सोडा, नियम सांगतोय.

शरणपूरकर

गोदाकाठचीताई, तुम्ही विचारलंत म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी निवृत्त शिक्षक, आमचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या शरणपूरचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. हे शरणपूर १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं, म्हणजे मुळात अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची) परंपरा, आणि १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झालं. ही पार्श्वभूमी अशासाठी की अँग्लिकन लोकांच्या ३९ कलमांत २२ वं कलम आहे, त्यात शुद्धिस्थानाची शिकवण ही निव्वळ कल्पना आहे, पवित्र शास्त्रात तिला आधार नाही, असं रोखठोक म्हटलंय. तुमच्या मैत्रिणीचे काका जे बोलले त्याची मुळं तिथे आहेत. ते दुष्ट नाहीत.

भांडणाची सुरुवातही याच विषयावरून झाली. १५१७ साली मार्टिन ल्यूथर या जर्मन साधूने, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट वेगळे झाले, जे ९५ मुद्दे मांडले ते प्रामुख्याने क्षमापत्रांवर होते, म्हणजे पापाची शिक्षा माफ केल्याच्या चर्चच्या चिठ्ठ्यांवर. पेटीत नाणं खण्णकन वाजलं की आत्मा शुद्धिस्थानातून उडालाच, अशी जाहिरात करून पैसे गोळा करत होते, २७ व्या मुद्द्यात ल्यूथरने त्याचाच समाचार घेतलाय. (खडूस आजोबा, तुमचा मुद्दा पाचशे वर्षांपूर्वी एका साधूनेच मांडलाय, तुम्ही उशिरा आलात.) क्षमापत्रांची विक्री पुढे रोमनेही बंद केली, पण शुद्धिस्थान त्यांनी सोडलं नाही, १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने पुन्हा ठासून सांगितलं.

आता शास्त्राचा आधार. कॅथलिक लोक मक्काबी यांचं दुसरं पुस्तक दाखवतात, १२ वा अध्याय. लढाईत मेलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात, तर त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी वर्गणी काढून त्यांच्या पापासाठी अर्पण करायला यरुशलेमला पैसे पाठवतो. आधार म्हणून चांगला आहे, पण ते पुस्तक आमच्या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये नाहीच. त्यांच्या ७३ मध्ये आहे. मग वाद सुटणार कसा! ते दाखवतात ते पान आमच्याकडे नाही. आम्ही दाखवतो वधस्तंभावरचा चोर, आयुष्यभर चोऱ्या केलेला, मरता मरता येशूला म्हणतो माझी आठवण ठेव, आणि येशू त्याला म्हणतो तू आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आज म्हणतो तो. पाय धुवायला थांब म्हणत नाही.

जेलरोडकर

सर, शेवटचं वाक्य मला होतं, कळलं :) त्याला आमचं उत्तर असं की तो चोर वधस्तंभावरच काय कमी भोगत होता. पण एक मान्य करतो, आमच्या आजीच्या डोक्यात शुद्धिस्थान म्हणजे छोटा नरकच होता, जाळ वगैरे. आताचे फादर तसं शिकवत नाहीत. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आशेवरच्या पत्रात लिहिलंय की ती जाळणारी आग म्हणजे खुद्द ख्रिस्ताची भेट असावी असं काही अलीकडचे धर्मज्ञ मानतात, त्याच्यासमोर उभं राहिलं की आपलं खोटं सगळं जळून जातं. मला हे पटतं. किती दिवस, किती वर्षं हा हिशोबच मग गैरलागू होतो.

आणि एक, ऑर्थोडॉक्स लोक, म्हणजे केरळमधले किंवा ग्रीस-रशियातले, मृतांसाठी भरपूर प्रार्थना करतात पण रोमचं शुद्धिस्थान मानत नाहीत. म्हणजे "प्रार्थना करायची की नाही" आणि "शुद्धिस्थान आहे की नाही" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काकूंना तेवढं सांग, प्रार्थनेवर कुणाची मक्तेदारी नाही.

गोदाकाठची

बापरे, किती छान लिहिलंय दोघांनी. पण मुख्य गोंधळ तसाच आहे. चोर "आज" सुखलोकात गेला, आणि दुसरीकडे शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठणार. जो आधीच स्वर्गात पोचला तो उठून येणार कुठून आणि कशाला?

शरणपूरकर

हा खरा प्रश्न, आणि आमच्या बहुतेक चर्चच्या लोकांनाही तो पडत नाही याचं मला वर्गात शिकवताना नेहमी वाईट वाटायचं.

बघा, सुटसुटीत आत्मा देहाच्या पिंजऱ्यातून उडाला आणि वर ढगात जाऊन वीणा वाजवत बसला, हे चित्र बायबलचं नाहीच. ते ग्रीकांकडून आलेलं जास्त आहे. यहुदी माणसाला देहाशिवाय माणूस ही कल्पनाच अर्धवट वाटायची. जुन्या करारात मेलेले सगळे अधोलोकात जातात, चांगले-वाईट सगळे, तिथे ना सुख ना दुःख, नुसती शांतता. उपदेशकाच्या पुस्तकात तर मेलेल्यांना काहीच कळत नाही असं सरळ लिहिलंय. पुनरुत्थान स्पष्ट दिसतं ते दानिएलाच्या १२ व्या अध्यायात, मातीत झोपलेल्यांपैकी पुष्कळ जण उठतील म्हणून. येशूच्या काळीसुद्धा यहुद्यांत यावर दोन तट होते, परूशी पुनरुत्थान मानायचे, सदूकी मानायचे नाहीत.

मग ख्रिस्ती लोकांचं वेगळेपण काय, तर ते म्हणतात एक माणूस ऑलरेडी उठलाय, ईस्टरच्या सकाळी, देहासकट, मासा खाऊन दाखवला, हाताच्या जखमा दाखवल्या. प्रेषित पौल म्हणतो तो पहिला, बाकीचे त्याच्या मागून. दर रविवारी आम्ही मतांगिकार (श्रद्धेची कबुली) म्हणतो त्याचा शेवट काय आहे? देहाचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. त्यात "आत्मा स्वर्गात जातो" हे वाक्यच नाही! आणि बायबलच्या शेवटी, प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात, माणसं वर जात नाहीत, नवं यरुशलेम खाली उतरतं आणि देव माणसांत राहायला येतो, डोळ्यांचे अश्रू पुसतो. म्हणजे शेवटचा मुक्काम नवी पृथ्वी आहे.

मग मेल्यापासून त्या दिवसापर्यंत काय? तिथेच सगळी भांडणं आहेत, ताई. आमच्याकडे मानतात की आत्मा प्रभूजवळ विसाव्यात असतो आणि देहाची वाट बघतो. कॅथलिक मधे शुद्धिस्थान घालतात. सेव्हन्थ डे वाले (सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट हा एक पंथ) म्हणतात काही नाही, माणूस गाढ झोपतो, डोळा उघडेल तो थेट पुनरुत्थानालाच, मधला काळ त्याला जाणवतच नाही. ल्यूथरलाही ही झोपेची कल्पना आवडायची, कॅल्विन या दुसऱ्या प्रोटेस्टंट सुधारकाने मात्र तिच्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. शेवट काय यावर जवळजवळ सगळे एक आहेत, वाद आहे तो मधल्या वेटिंगचा.

विश्वासी_जन

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. वर खूप ज्ञान वाचलं पण मूळ गोष्ट कोणी सांगितली नाही. इब्री ९:२७ वाचा, माणसाला एकदाच मरायचं आहे आणि नंतर न्याय. येशूला तारणारा म्हणून स्वीकारलं तर सार्वकालिक जीवन, नाही तर अग्नीचं सरोवर. मधलं काही नाही. प्रभू येईल तेव्हा विश्वासी ढगात उचलले जातील आणि बाकीचे मागे राहतील, आजच निर्णय घ्या. चांगली कामं करून कोणी स्वर्गात जात नाही.

मखमलाबादी_मिरची

म्हणजे माझी आजी, जी उभ्या आयुष्यात कुणाला उपाशी परत पाठवलं नाही, पंढरीची वारी केली, येशूचं नाव फक्त कॅलेंडरवर बघितलं, ती तुमच्या हिशोबाने अग्नीच्या सरोवरात? आणि आयुष्यभर लोकांना छळून शेवटच्या पाच मिनिटांत हात वर केला तो स्वर्गात? कमाल आहे. असला देव मला नको, आजीबरोबर सरोवर चालेल.

विश्वासी_जन

ताई रागावू नका, मी नाही म्हणत, वचन म्हणतं.

खडूस_आजोबा

हे "मी नाही म्हणत" फार सोयीचं असतं.

संपादक मंडळ

धागा चांगला चाललाय, वैयक्तिक होऊ देऊ नका. धर्मप्रसार आणि धर्माची टिंगल, दोन्हीला इथे जागा नाही.

जेलरोडकर

मिरची, तुझ्या आजीबद्दल मी माझ्या चर्चचं अधिकृत म्हणणं सांगतो, माझं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेचा १९६४ चा दस्तऐवज आहे, चर्चवरचा, त्याचं १६ वं कलम. ज्यांना त्यांचा काही दोष नसताना ख्रिस्त कळला नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीला धरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. आणि अजून एक गंमत, चर्च संतपद देतं तेव्हा अमुक माणूस स्वर्गात आहे असं जाहीर करतं, पण अमुक माणूस नरकात आहे असं आजवर एकाही माणसाबद्दल अधिकृतपणे म्हटलेलं नाही. कुणाहीबद्दल नाही. तेव्हा आजीची तिकिटं वाटायचा अधिकार इथे कुणाला नाही.

बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांचं पण असंच. पूर्वी त्यांच्यासाठी लिंबो नावाची एक वेगळी जागा सांगायचे, दुःख नाही पण देवाचं दर्शनही नाही. किती आयांनी ते ऐकून रात्री काढल्या असतील. २००७ ला व्हॅटिकनच्या धर्मज्ञांच्या आयोगाने सांगितलं की या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. माझ्या मावशीचं एक बाळ असंच गेलेलं, तिला हे कळलं तोवर ती साठीची झाली होती. यावर मला राग येतो, खोटं कशाला बोलू.

शरणपूरकर

मिरचीताई, आमच्या प्रोटेस्टंटांत यावर एकमत नाही. विश्वासी_जन म्हणतात तशी शिकवण जुनी आणि मोठी आहे, ती त्यांनी घरी तयार केलेली नाही. पण "उचलले जाणे" हा भाग ते ज्या स्वरूपात सांगतात, म्हणजे विश्वासी आधी गुपचूप उचलले जाणार आणि मग मागे राहिलेल्यांवर संकटं, तो १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून पसरला. त्याआधीची अठराशे वर्षं ख्रिस्ती लोक त्याशिवायच मरत होते आणि त्यांचं काही अडलं नव्हतं.

आणि न्यायाचा सगळ्यात सविस्तर प्रसंग येशूने स्वतः सांगितलाय, मत्तय २५, मेंढरं आणि शेरडं. तिथे राजा विचारतो काय? मी भुकेला होतो, खायला दिलंत का. तान्हेला होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. ज्यांनी दिलं त्यांना माहीतच नसतं की आपण ते कुणाला दिलं, ते उलट विचारतात, प्रभो आम्ही तुला कधी पाहिलं? मी हा उतारा वाचतो तेव्हा मला कुणालाही उपाशी परत न पाठवणारी माणसं आठवतात. माझ्या पाळकसाहेबांना हे थोडं सैल वाटतं. वाटू दे.

त्र्यंबकचा_भाचा

मला नरकाचं कुतूहल आहे. आमच्याकडे गरुडपुराणात एकेका पापाला एकेक नरक, उकळतं तेल काय, काटे काय, पण भोगून झालं की सुटका, पुन्हा जन्म. तुमच्याकडे कायमचा हे जरा जास्त होत नाही का? साठ-सत्तर वर्षांच्या चुकांना अनंत काळ शिक्षा? आमच्या यमाकडेसुद्धा सुटकेची तारीख असते.

शरणपूरकर

भाचेबुवा, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाच्या फार मोठ्या विद्वानाने विचारला होता. त्याला वाटायचं की शेवटी सगळे देवाकडे परत येतील. पुढे ५५३ साली कॉन्स्टॅन्टिनोपलच्या धर्मसभेच्या वेळी त्याच्या शिकवणीचा निषेध झाला. पण नीस्सा इथले बिशप ग्रेगरी, ज्यांना सगळे संत मानतात, तेही जवळजवळ तेच म्हणायचे. म्हणजे आशा कधी पूर्ण मेली नाही. तिसरं मत असं की नरक म्हणजे कायमचा छळ नाही, कायमचा नाश, माणूस उरतच नाही. सेव्हन्थ डे वाले हेच मानतात.

आता जाळाचं चित्र आलं कुठून. यरुशलेमच्या बाहेर हिन्नोमची दरी आहे, तिथे एके काळी लोक मोलेख देवाला पोटची मुलं आगीत अर्पण करायचे, यिर्मया संदेष्टा त्यावर तळतळून बोललाय. येशू नरकाबद्दल बोलतो तेव्हा तो त्या दरीचंच नाव घेतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायला तेवढं पुरे होतं. आमच्या उपदेशांत नेहमी सांगतात की तिथे शहराचा कचरा जळत असायचा, पण त्याचा उल्लेख फार उशिरा, साधारण १२०० च्या आसपासच्या लिखाणात मिळतो, त्यामुळे मी वर्गात ते सांगणं बंद केलं.

आणि नरकाचे मजले, कढया, शूळ वगैरे जे डोळ्यांसमोर येतं ते बरंचसं मध्ययुगातल्या चित्रांमुळे आणि इटलीतल्या दान्तेमुळे. गंमत म्हणजे दान्तेच्या नरकाचा सगळ्यात खालचा नववा थर आगीचा नाहीच, बर्फाचा आहे, सैतान तिथे गोठून अडकलाय आणि विश्वासघातकी लोक त्याच्या आसपास. ही कल्पना मला आगीपेक्षा जास्त भयंकर वाटते.

जेलरोडकर

आणि १९९९ च्या जुलैमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी बुधवारच्या प्रवचनांत सांगितलं की स्वर्ग ही ढगातली जागा नाही आणि नरक हीदेखील जागेपेक्षा अवस्था आहे, देवापासून स्वतःहून कायमचं तोडून घेतलेल्यांची. देव ढकलत नाही, माणूस जातो. भाचेबुवांचा "शिक्षा जास्त नाही का" हा प्रश्न त्याने थोडा बदलतो. पूर्ण सुटतो असं मी म्हणणार नाही.

खडूस_आजोबा

जागा नाही, अवस्था आहे. पत्ता विचारला की अवस्था, वर्गणी मागताना जागा. बरं असो. शरणपूरकर तुम्ही लिहीत राहा, तुमचं वाचायला आवडतंय, पटत नाही तो भाग वेगळा.

पेठरोड_पाटील

मी रामकुंडाजवळ राहतो, रोज अस्थी घेऊन आलेली माणसं बघतो. मला विचारायचंय की ख्रिश्चन माणसाने दहन करून घेतलं तर चालतं का? आणि अस्थी गोदावरीत सोडल्या तर? देहच उठणार असेल तर जाळल्यावर उठणार काय?

जेलरोडकर

चालतं. १८८६ मध्ये रोमने दहनाला बंदी घातली होती, कारण तेव्हा युरोपात काही लोक मुद्दाम पुनरुत्थानाला खिजवायला दहन करायचे. १९६३ पासून परवानगी आहे. दफनच बरं असं अजूनही म्हणतात, पण सक्ती नाही. मात्र २०१६ च्या सूचनेप्रमाणे अस्थी नदीत सोडायच्या नाहीत, हवेत उधळायच्या नाहीत, घरात कपाटात ठेवायच्या नाहीत, सिमेट्रीत किंवा चर्चने ठरवलेल्या जागीच. २०२३ च्या डिसेंबरात थोडी सूट मिळाली, अगदी थोडा अंश आठवणीच्या जागी ठेवता येतो. म्हणजे रामकुंड नाही, पाटील.

शरणपूरकर

"जाळल्यावर काय उठणार" याचा इतिहास फार जुना आहे. १७७ साली आजच्या फ्रान्समधल्या लिऑन गावी ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं आणि लोकांनी नेमका पाटलांसारखाच विचार केला, की हे पुनरुत्थानाच्या भरवशावर हसत मरतात काय, बघू आता कसे उठतात, म्हणून प्रेतं जाळून राख ऱ्होन नदीत लोटून दिली. एउसेबियस या इतिहासकाराने ते पत्र जपून ठेवलंय. ख्रिस्ती लोकांवर काही परिणाम झाला नाही. पौलाने आधीच सांगून ठेवलं होतं, पेरता ते बी आणि उगवतं ते पीक एकसारखं दिसत नाही, देव त्याला हवं तसं शरीर देतो. ज्याने मातीतून एकदा केलं त्याला राखेतून करायला काय जड आहे, एवढाच त्यांचा युक्तिवाद.

यात आपल्या नाशिकचा एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनने इथे शरणपूरला ठेवून शिकवली होती. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारे स्कॉटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीसाठी पाठवलेल्या तुकडीत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले तेव्हा त्यांच्या माणसांनी त्यांचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, आणि त्या वेळी दफनविधी वाचला तो या नाशिकला शिकलेल्या जेकबने. मग देह वाळवून, बांधून, शेकडो मैल पायी समुद्रापर्यंत आणला, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला, तिथे शवपेटी धरणाऱ्यांतही जेकब होता. काळीज एका खंडात, देह दुसऱ्या. आमचे आजोबा म्हणायचे, शेवटच्या दिवशी त्या साहेबाची जुळवाजुळव करायला देवाला जरा वेळ लागेल.

मखमलाबादी_मिरची

आजोबा भारी होते तुमचे. हे जेकबचं कधीच ऐकलं नव्हतं, आणि रोज शरणपूर रोडने जाते मी.

पेठरोड_पाटील

मस्त माहिती. पण मग एकाच कबरीत दोन-तीन पिढ्या पुरतात असं ऐकलं, ते खरं का? की अफवा?

जेलरोडकर

खरं आहे, जागा कुठेय शहरात. काही वर्षं गेली की घरच्याच कबरीत पुढच्या माणसाला ठेवतात, आधीच्या अस्थी बाजूला नीट ठेवून. आमच्या घरच्या कबरीवरच्या दगडावर आता नाव लिहायला जागा उरली नाही, नवीन नाव बाजूला कडेला कोरलंय. पाय पूर्वेकडे ठेवायची जुनी पद्धत आहे, उठल्यावर उगवतीकडे तोंड यावं म्हणून, पण हल्ली जशी जागा मिळेल तसं.

सिडकोचा_सचिन

उशिरा आलो, सगळं वाचून काढलं. एक प्रॅक्टिकल शंका, आमच्या साहेबांची आई गेली, परवा चर्चमध्ये स्मरणाची मिस्सा आहे आणि ऑफिसातून आम्ही चार-पाच जण जातोय. काय न्यायचं, काय करायचं नाही? कुठेतरी घोळ व्हायला नको.

जेलरोडकर

साधे फिकट कपडे, पांढरेच हवेत असं काही नाही. फुलं किंवा मेणबत्त्या नेल्या तरी चालतात. बाकीचे उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा. मधे सगळे रांगेत पुढे जातात कम्युनियन (पवित्र भाकर) घ्यायला, तेव्हा मात्र जागेवर बसून राहा, ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं, प्रसाद समजून हात पुढे करू नका, दर वेळी कुणीतरी करतंच. संपल्यावर साहेबांना भेटा, बहुतेक हॉलमध्ये चहा असेल, तो न पिता निघू नका, वाईट दिसतं.

सिडकोचा_सचिन

परफेक्ट. गाडी आत लावता येते का, की रस्त्यावरच?

जेलरोडकर

आत येते, पण लवकर जा.